नाव तेच, माणसे वेगळी : हार्ड रॉक बँड बुडतात आणि पुन्हा वर येतात ते कशामुळे?

१७ मे २०२५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर 'गन्स एन रोझेस' या अमेरिकन हार्ड रॉक बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा पुण्यातल्या रॉकप्रेमींनीही त्यासाठी द्रुतगती मार्ग धरला. हाच बँड डिसेंबर २०१२ मध्ये मुंबईत वाजवून गेला होता. तेव्हाही तिकिटावर नाव हेच होते, पण ज्या पाच जणांनी बँडचा पहिला अल्बम केला त्यांपैकी एकटा गायक अ‍ॅक्सल रोझ रंगमंचावर होता. २०२५ मध्ये मात्र गिटारवादक स्लॅश आणि बेसवादक डफ मकेगन हे जुने सहकारी पुन्हा त्याच्या शेजारी उभे होते. जगभर मैदाने भरवणारा बँड काही वर्षांत एका माणसापुरता उरतो आणि वीस वर्षांनी पुन्हा तीच मैदाने भरवतो, हे घडते कसे?

या प्रश्नाची नेहमीची उत्तरे तीन आहेत : व्यसने, भांडणे आणि लोकांची बदललेली आवड. तिन्हींत तथ्य आहे, पण तिन्ही अपुरी आहेत, असे माझे मत आहे. बँडमधल्या कोणत्या गोष्टीची मालकी कोणाकडे आहे आणि ती कधी, कशी ठरली, हे पाहिल्याशिवाय या चढउतारांचा उलगडा होत नाही.

बँड म्हणजे भागीदारी

आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात कामे वाटलेली असतात. गीतकार शब्द लिहितो, संगीतकार चाल बांधतो, गायक गातो, वादक वाजवतात आणि प्रत्येकाला त्याच्या कामाचा मोबदला मिळतो. एखाद्या वादकाशी बिनसले तर दुसरा वादक येतो आणि गाणे पूर्ण होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्लूजच्या मुशीतून, वाढवलेल्या आवाजाच्या विद्युत गिटारीवर हार्ड रॉक उभा राहिला, आणि त्यात ही सारी कामे त्याच चार-पाच जणांकडे आली. शब्द त्यांचे, चाल त्यांची, वादन त्यांचे आणि धंदाही त्यांचाच. बहुतेक बँड विशीतल्या मित्रांनी एखाद्या गॅरेजमध्ये सुरू केलेले असतात आणि त्या वयात, त्या जागेत कोणी करारपत्र लिहीत नाही. पैसा आला की हीच न लिहिलेली भागीदारी उघडी पडते.

एका गाण्यामागचे तीन हक्क

बँडची मिळकत तीन वेगवेगळ्या हक्कांतून येते आणि त्यांची सरमिसळ केली की सगळाच हिशेब चुकतो. पहिला हक्क रचनेचा, म्हणजे शब्दांचा आणि चालीचा. तो ज्यांची नावे रचनाकार म्हणून लागली त्यांचा असतो, मग वादन कोणी का केलेले असेना. दुसरा हक्क ध्वनिमुद्रणाचा. स्टुडिओत गाण्याची जी मूळ प्रत तयार होते तिला 'मास्टर' म्हणतात आणि तिची मालकी बहुधा खर्च करणाऱ्या कंपनीकडे जाते. तिसरा हक्क बँडच्या नावाचा. तिकिटे, टी-शर्ट आणि दौरे या नावावर विकले जातात.

हे हक्क प्रत्यक्षात कसे वेगळे पडतात, हे 'एरोस्मिथ' या बोस्टनच्या बँडच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. १९७० मध्ये सुरू झालेला हा बँड १९७५-७६ च्या सुमारास शिखरावर होता आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ संपला होता. १९८६ मध्ये निर्माता रिक रुबिन याने 'रन-डीएमसी' या रॅप गटाकडून एरोस्मिथचे १९७५ सालचे 'वॉक धिस वे' हे गाणे नव्याने करून घेतले. गायक स्टीव्हन टायलर आणि गिटारवादक जो पेरी यांना त्या ध्वनिमुद्रणात आणि व्हिडिओत बोलावले. ते गाणे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या 'बिलबोर्ड' यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, म्हणजे एरोस्मिथच्या मूळ गाण्यापेक्षाही वर. नव्या ध्वनिमुद्रणाचा हक्क रॅप गटाच्या कंपनीचा होता. रचनेची रॉयल्टी मात्र टायलर आणि पेरी यांची होती, कारण रचनाकार म्हणून नावे त्या दोघांचीच होती. बँडमधल्या उरलेल्या तिघांचा त्या रचनेत वाटा नव्हता; पण नव्या पिढीला नाव कळले त्याचा लाभ पाचही जणांना झाला आणि पुढच्याच वर्षी आलेला त्यांचा अल्बम गाजला.

याच्या उलट उदाहरणही याच बँडचे आहे. बिलबोर्डच्या मुख्य यादीत एरोस्मिथचे एकच गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. ते १९९८ मध्ये एका हॉलिवूड चित्रपटासाठी गायलेले गाणे आणि ते लिहिले होते डायान वॉरन या गीतकार-संगीतकार स्त्रीने. म्हणजे बँडच्या सर्वांत यशस्वी गाण्याच्या रचनेचे उत्पन्न बँडबाहेर गेले. पंचवीस वर्षांची कारकीर्द असलेला बँड दुसऱ्याचे गाणे का गातो, असे त्या वेळी अनेक चाहत्यांना वाटले होते. मला ती तडजोड समजण्यासारखी वाटते, कारण त्या गाण्याने जे मैदान भरवले तेथे पुढचे दोन तास त्यांची स्वतःची गाणी वाजत होती.

लाखो प्रती खपूनही हातात काहीच का येत नाही?

संगीत कंपनी बँडशी करार करताना आगाऊ रक्कम देते. तिचे स्वरूप ऊसतोडणी कामगार हंगामाआधी मुकादमाकडून जी उचल घेतो तिच्यासारखे असते : पैसे आधी हातात पडतात आणि पुढच्या कमाईतून वळते होत राहतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की कामगाराची न फिटलेली उचल त्याच्या मानगुटीवर बसते. बँडकडून मात्र ती रक्कम सहसा खिशातून वसूल केली जात नाही, ती फक्त त्यांच्या रॉयल्टीतून कापली जाते.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. कंपनीने बँडला १ कोटी रुपये आगाऊ दिले आणि विक्रीतला १२ टक्के वाटा कबूल केला. अल्बमची विक्री ५ कोटींची झाली. बँडचा वाटा झाला ६० लाख. ही सारी रक्कम आगाऊ दिलेल्या १ कोटीत वळती होते आणि कंपनीला बँडकडून अजून ४० लाख येणे दिसते. कंपनीकडे उरलेले ४ कोटी ४० लाख आले आहेत, त्यातून निर्मिती आणि वितरणाचा खर्च वजा जाऊनही ती नफ्यात असू शकते. बँड मात्र वहीत कर्जदार आहे. स्टुडिओचे भाडे या आगाऊ रकमेतूनच गेलेले असते आणि व्हिडिओच्या खर्चाचा काही भागही अनेकदा बँडच्याच खात्यावर पडतो. शिवाय जुन्या अल्बमची बाकी पुढच्या अल्बमच्या खात्यात ओढली जाते.

अशा बँडला रोख पैसा दिसतो तो दौऱ्यांतून. म्हणून मग अल्बम, लगेच दौरा, दौरा संपायच्या आत पुढचा अल्बम, अशी वर्षे जातात. १९७० च्या दशकातला एरोस्मिथ असाच राबत होता. १९७९ मध्ये जो पेरी बाहेर पडला त्या सुमारास त्याच्यापुढे हॉटेलच्या खोलीत मागवलेल्या खाण्यापिण्याचे हजारो डॉलरचे बिल ठेवले गेले होते. ज्याचे अल्बम लाखांनी खपत होते त्या वादकाची ही अवस्था होती.

यश उशिरा का येते?

गन्स एन रोझेसचा पहिला अल्बम २१ जुलै १९८७ रोजी बाजारात आला आणि सुरुवातीला जवळजवळ कोणाच्या खिजगणतीत नव्हता. रेडिओ केंद्रे त्याला हात लावायला तयार नव्हती आणि एमटीव्ही ही संगीतवाहिनी व्हिडिओ दाखवायला कचरत होती. अखेर कंपनीचा मालक डेव्हिड गेफन याने स्वतः शब्द टाकला, तेव्हा वाहिनीने तो व्हिडिओ भल्या पहाटे, जवळपास कोणी टीव्ही पाहत नसते अशा वेळी दाखवला. त्यानंतर तो पुन्हा दाखवण्यासाठी एमटीव्हीकडे दूरध्वनींची रीघ लागली. तरीही अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचायला ऑगस्ट १९८८ उजाडला. पुढे एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ८० लाख प्रती प्रमाणित झाल्या.

मधल्या वर्षभरात बँड मोठ्या बँडांच्या आधी वाजवत गावोगाव हिंडत होता, आणि ते हिंडणे कंपनीच्या पैशावर चालले होते. एखादा बँड 'एका रात्रीत' मोठा झाला असे आपण वाचतो, तेव्हा बहुतेक वेळा असे एखादे वर्ष त्यात गाळलेले असते. कंपनीने सहाव्या महिन्यात हात आखडता घेतला असता तर हेच पाच जण, हीच गाणी आणि शून्य यश असा निकाल लागला असता.

शिखरावरच तडा का जातो?

पहिल्या अल्बमवर रचनाकार म्हणून सगळ्या बँडचे एकत्र नाव होते. १७ सप्टेंबर १९९१ रोजी एकाच दिवशी दोन अल्बम आले आणि अमेरिकेच्या यादीत त्यांनी पहिले दोन क्रमांक पटकावले. या अल्बमवर मात्र गाणी व्यक्तींच्या नावांनी विभागलेली होती. ही वाटणी अन्यायाची होती असे नाही, पण तोवर 'आमचे' असलेले काम आता 'माझे' आणि 'तुझे' झाले होते. ढोलवादक स्टीव्हन अ‍ॅडलरला १९९० मध्येच काढले गेले होते. बँडच्या अनेक उत्तम गाण्यांचा सहलेखक असलेला गिटारवादक इझी स्ट्रॅडलिन १९९१ च्या अखेरीस स्वतःहून निघून गेला.

दौरा मात्र १९९३ च्या जुलैपर्यंत चालूच राहिला. जुलै १९९१ मध्ये सेंट लुईसजवळ कार्यक्रम अर्धवट राहिला आणि दंगल झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये माँट्रियल येथे आधी त्याच कार्यक्रमात वाजवणाऱ्या 'मेटालिका' या बँडचा गायक रंगमंचावरच्या आतषबाजीने भाजला, मग गन्स एन रोझेसने आपला कार्यक्रम लवकर गुंडाळला आणि पुन्हा दंगल उसळली. याच काळात बँडच्या नावाचा हक्क कागदोपत्री अ‍ॅक्सल रोझकडे गेला. त्या कागदावर सह्या कोणत्या परिस्थितीत झाल्या याबद्दल दोन्ही बाजू वेगवेगळे सांगतात. परिणामाबद्दल मात्र वाद नाही. १९९६ मध्ये स्लॅश आणि १९९७ मध्ये डफ बाहेर पडले तेव्हा नाव मागे राहिले आणि त्या नावाखाली रोझने नवे वादक घेऊन काम चालू ठेवले. नव्या गाण्यांचा पुढचा अल्बम यायला २००८ साल उजाडले.

माझ्या दृष्टीने या बँडच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच आहे. तो झाला नसता तर मतभेद झाल्यावर सगळ्यांनाच तडजोड करावी लागली असती, किंवा नाव कोणालाच वापरता आले नसते. नाव एकाकडे गेल्यावर उरलेल्यांना राहण्याचे कारण उरले नाही आणि नाव असणाऱ्याला थांबण्याचे कारण उरले नाही.

पण लोकांची आवडच बदलली होती ना?

सप्टेंबर १९९१ मध्येच 'निर्वाना' या नव्या धाटणीच्या रॉक बँडचा अल्बम आला, १९९२ च्या जानेवारीत तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि केस पिंजारलेल्या, झगमगीत कपड्यांतल्या रॉक बँडांची सद्दी संपली, असे सांगितले जाते. कित्येक बँडांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण गन्स एन रोझेसचे जवळपास नऊ मिनिटांचे 'नोव्हेंबर रेन' हे गाणे याच १९९२ मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. आणि १९७० च्या दशकात सुरू झालेल्या एरोस्मिथचा अल्बम अमेरिकेच्या यादीत प्रथमच पहिल्या क्रमांकावर पोहोचला तो १९९३ मध्ये, म्हणजे नव्या लाटेच्या ऐन भरात. आवड बदलल्याने ज्यांच्याकडे नवे चांगले काम नव्हते ते बुडाले. ज्या बँडांत माणसे एकत्र बसून गाणी करत होती, ते तरले.

आणि व्यसने?

व्यसनांनी या क्षेत्रात माणसे मारली आहेत आणि त्याबद्दल हलके बोलण्यासारखे काही नाही. एरोस्मिथची पहिली घसरण मोठ्या प्रमाणात अमली पदार्थांमुळेच झाली, आणि १९८६ नंतर एकेक सदस्य उपचार घेऊन बाहेर आला तेव्हाच त्यांची दुसरी कारकीर्द उभी राहिली. तरीही व्यसन हे माणूस का कोसळला याचे उत्तर आहे. बँड का परत जुळला किंवा का जुळला नाही, याचे नाही. एरोस्मिथचे पाचही जण १९८४ मध्ये पुन्हा एकत्र आले, तेही पूर्ण व्यसनमुक्त होण्याआधी.

मूळ माणसे नसतील तर तो बँड तोच कसा?

हा आक्षेप पुण्यात कोणत्याही रॉकच्या गप्पांत निघतोच आणि तो रास्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या 'एसी/डीसी'चा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये मरण पावला. पाच महिन्यांनी, जुलै १९८० मध्ये, ब्रायन जॉन्सन या नव्या गायकासह त्यांचा पुढचा अल्बम आला आणि तो जगातल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमपैकी एक ठरला. हे शक्य झाले, कारण चाली बांधणे आणि निर्णय घेणे हे पहिल्यापासून माल्कम आणि अँगस यंग या दोन भावांच्या हातात होते. आवाज बदलला, पण गाणी करणारे हात तेच राहिले. २०१६ मध्ये जॉन्सनला ऐकू येईनासे होण्याचा धोका निर्माण झाला तेव्हा त्या दौऱ्यात त्याच्या जागी गायला अ‍ॅक्सल रोझ, आणि श्रोत्यांनी तेही स्वीकारले.

दुसरे टोक १९८० मधलेच आहे. 'डीप पर्पल' हा ब्रिटिश बँड १९७६ मध्ये थांबला होता. त्याचा अगदी पहिला गायक रॉड इव्हान्स याने जुन्या सदस्यांपैकी कोणालाही बरोबर न घेता, नवख्या वादकांसह त्याच नावाने अमेरिकेत कार्यक्रम सुरू केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई द्यावी असा निकाल लागला. म्हणजे श्रोत्याला जे मनातून जाणवते, की हा तो बँड नव्हे, त्याला कायद्यातही जागा आहे. मात्र तेथे कसोटी लागते ती नाव कोणाचे याची. गाण्यात जीव आहे का, हे न्यायालय पाहत नाही. ते श्रोत्यालाच ठरवावे लागते.

उतारवयातला हा उदय कोठून आला?

इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवघेव सुरू झाल्यावर अल्बमच्या धंद्याचे कंबरडे मोडले. अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती, ती पंधरा वर्षांत निम्म्याहून खाली आली. पूर्वी अल्बम खपावा म्हणून दौरा काढत, आता दौऱ्याची बातमी व्हावी म्हणून अल्बम निघतो. या बदलाचा सर्वाधिक फायदा झाला तो ज्यांची गाणी तीन पिढ्यांना पाठ आहेत अशा जुन्या बँडांना. २०१६ मध्ये स्लॅश आणि डफ परतले आणि २०१९ पर्यंत चाललेल्या त्या दौऱ्याची तिकीटविक्री ५८ कोटी ४० लाख डॉलरवर गेली. जुनी माणसे नसताना त्या नावाला अशी किंमत कधीच आली नव्हती. नाव एकाकडे असले तरी त्याचे पूर्ण मोल वसूल करायला इतरांची गरज लागते, हे दोन्ही बाजूंच्या लक्षात आले असणार.

केवळ पैशासाठी परत आले, अशी टीका होते. पैसा हे कारण होतेच. पण साठी ओलांडलेल्या माणसाने अडीच-तीन तास उभे राहून वाजवणे हे नुसत्या पैशाने होत नाही, आणि ज्यांनी महालक्ष्मीला ते पाहिले त्यांना हे पटवून द्यावे लागू नये.

या उदयालाही शरीराची मर्यादा आहे. एरोस्मिथचा निरोपाचा दौरा सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. काही दिवसांतच टायलरच्या स्वरयंत्राला इजा झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौऱ्यांतून निवृत्ती जाहीर केली. 'किस' या बँडने वेगळी वाट धरली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी २०२४ मध्ये गाण्यांच्या हक्कांसह बँडचे नाव आणि रंगवलेल्या चेहऱ्यांची ओळखसुद्धा एका स्वीडिश कंपनीला विकली. संगणकाने घडवलेल्या प्रतिमा यापुढे त्यांच्या नावाने कार्यक्रम करतील, अशी योजना आहे. मला ती कल्पना अस्वस्थ करते, पण नावाच्या हक्काची वाट शेवटी येथवर येते हे नाकारता येत नाही.

पुण्यातल्या बँडने यातून काय घ्यावे?

२०१० मध्ये 'एनएच७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाला. फिरोदिया करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमींत जमलेल्या ओळखींतून आणि कोणाच्या तरी घरातल्या जॅमरूममधून येथे दर वर्षी नवे बँड उभे राहतात, कोरेगाव पार्क, बाणेरच्या कॅफेंत वाजवतात आणि नोकरी लागली, कोणी परदेशी गेले की विरतात. त्यांतल्या एखाद्याचे गाणे अचानक मोबाइलवर पसरले तर काय होईल, याचा विचार आधी झालेला नसतो.

भारतीय कायद्यात या मुलांच्या बाजूने बरेच काही आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळे काही ठरलेले नसेल तर भागीदारांत नफा समान वाटला जातो. चौघांपैकी एकानेच सगळी गाणी लिहिली असली तरी. हे नको असेल तर ते आधी लिहून ठेवावे लागते. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराला आपल्या रचनेच्या ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा संगीत कंपनीला लिहून देता येत नाही. कंपनीने तशी सही घेतली तरी ती टिकत नाही. ही रॉयल्टी गोळा करण्याचे काम 'आयपीआरएस' ही संस्था करते आणि रचनाकाराला तिचे सभासद होता येते. बँडचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते. ती नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. फक्त अर्जदार म्हणून कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न मित्रांमध्ये अवघड होतो, म्हणून तो टाळला जातो.

तो टाळू नये. कागद साधा चालेल, भाषा मराठी चालेल. प्रत्येक गाण्यावर रचनाकार कोण, कार्यक्रमाचे पैसे कसे वाटायचे, अँप आणि ड्रमसेट कोणाच्या मालकीचे, एखादा बाहेर पडला तर त्याचा जुन्या गाण्यांतला वाटा किती राहील, आणि किती जण उरेपर्यंत हे नाव वापरायचे, एवढे त्यावर असावे. सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि हे पहिला कार्यक्रम मिळण्याच्या आधी करावे.